छोट्या शहराचे अग्निशमन दल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रात, शाळांमधील प्रात्यक्षिकांच्या वेळी आणि सोसायट्यांच्या बैठकांत नागरिक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. मुंबई-पुण्यासारख्या महानगरांत एका केंद्राची गाडी अडकली तर दुसऱ्या केंद्राची निघते. येथे डोळ्यांसमोर ठेवलेले शहर मात्र महाराष्ट्रातील नगरपरिषदेचे, एका केंद्राचे, दोन-तीन बंबांचे आणि एका पाळीत मोजकेच जवान असलेले आहे.

१. अग्निशमन दल राज्य सरकारचे असते की नगरपालिकेचे?

शहरातील दल नगरपरिषदेचे असते. ७४व्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेल्या बाराव्या अनुसूचीत, नागरी संस्थांकडे सोपवायच्या विषयांमध्ये अग्निशमन सेवेचा समावेश आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ नुसार आग विझवणे आणि आगीच्या वेळी जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे परिषदेचे बंधनकारक कर्तव्य आहे. जमले तर करायचे असे ते काम नाही. जवानांचे पगार, बंबाचे डिझेल आणि होजची (पाण्याच्या लवचिक नळीची) दुरुस्ती यांचा भार परिषदेच्या अंदाजपत्रकावर पडतो, म्हणून सेवेबद्दलची तक्रार किंवा सूचना मुख्याधिकाऱ्यांकडे द्यावी. राज्य पातळीवरील महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय तांत्रिक मार्गदर्शन, प्रशिक्षण आणि खासगी अग्निसुरक्षा संस्थांना परवाने देणे ही कामे पाहते. औद्योगिक वसाहतींमध्ये एमआयडीसीची स्वतंत्र अग्निशमन केंद्रे असतात आणि मोठ्या आगीच्या वेळी दोन्ही दले एकमेकांच्या मदतीला जातात.

२. आग लागली तर १०१ लावायचा, ११२ लावायचा की केंद्राचा साधा फोन?

तिन्ही चालतात, पण आमचा सल्ला असा की केंद्राचा स्थानिक दूरध्वनी क्रमांक मोबाइलमध्ये साठवून ठेवावा आणि आधी तोच लावावा. मोबाइलवरून लावलेला १०१ कधी कधी जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा शेजारच्या शहरात लागतो. ११२ चा फोन राज्याच्या नियंत्रण कक्षात जाऊन तेथून स्थानिक यंत्रणेकडे येतो. हे क्रमांक निरुपयोगी नाहीत. स्थानिक फोन लागत नसेल तर तेच आधार आहेत. मात्र केंद्रातल्या माणसाला गल्ली ठाऊक असते.

वर्दी, म्हणजे आगीची खबर, देताना काय जळत आहे, कोणी आत अडकले आहे का, जागा कोणती आणि आपला क्रमांक काय, एवढेच सांगावे. जागेची खूण एकमेव असावी. ‘मारुतीच्या देवळामागे’ या पत्त्याने आजवर अनेक बंब चुकीच्या पेठेत गेले असतील, कारण मारुतीचे देऊळ नाही अशी पेठ आपल्याकडे शोधावी लागते. प्रभागाचे नाव, मुख्य रस्त्यावरून आत वळायचे ठिकाण आणि त्या वळणावर उभा असलेला एक माणूस या तीन गोष्टी मिळाल्या तर चालकाला चौकशी करत थांबावे लागत नाही. आपण फोन ठेवण्याची घाई करू नये; तो केंद्राला आधी ठेवू द्यावा.

३. बंब उशिरा येतो, अशी सर्वांचीच तक्रार असते. नेमका वेळ कुठे जातो?

गाडी केंद्रातून बाहेर पडायला फारसा वेळ लागत नाही, कारण पाळीवरचे जवान केंद्रातच असतात. पहिला मोठा वेळ वर्दी येण्याआधीच गेलेला असतो. घरच्यांनी बादल्या ओतून पाहिलेल्या असतात, शेजाऱ्यांनी चित्रफीत काढलेली असते, आणि ‘कोणीतरी फोन केला असेलच’ असे प्रत्येकाने धरलेले असते. दुसरा वेळ बाजारपेठेत जातो. आठवडी बाजाराच्या दिवशी, दोन्ही बाजूंना दुचाकी लावलेल्या रस्त्यातून भोंगा वाजवत जाणारी अवजड गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने सरकते. तिसरी शक्यता अशी की त्याच वेळी दल दुसऱ्या वर्दीवर असते. एका केंद्राच्या शहरात दोन आगी एकाच तासात लागल्या, तर दुसऱ्या ठिकाणी शेजारच्या नगरपरिषदेचा किंवा एमआयडीसीचा बंब बोलवावा लागतो. त्यामुळे प्रश्न ५ मधील उत्तर प्रत्येक घराने आधीच वाचून ठेवणे इष्ट आहे.

४. आग ऐन भरात असताना बंबातले पाणी संपते. भरून आणत नाहीत का?

या प्रश्नामागे बहुधा संताप असतो, म्हणून त्याचे गणित मांडतो. नेहमीच्या वॉटर टेंडरमध्ये, म्हणजे पाण्याच्या बंबात, साधारण ४,५०० लिटर पाणी मावते. मोठ्या नोझलमधून एक जोरदार धार सोडली तर मिनिटाला चारशे-पाचशे लिटर पाणी सहज जाते. याचा अर्थ गच्च भरलेला बंबही एका धारेवर दहा मिनिटांच्या आसपास रिकामा होतो आणि दोन धारा लावल्या तर त्याच्या निम्म्या वेळात. घरातली एक खोली जळत असेल तर एवढे पाणी पुरते. गोदाम असेल तर पुरत नाही, आणि ते पुरणार नाही हे पहिल्या धारेआधीच अधिकाऱ्याला ठाऊक असते.

म्हणून पहिला बंब काम करत असतानाच पाण्याची साखळी उभी करावी लागते. पाणीपुरवठा विभागाला कळवून जवळच्या जलकुंभावर टँकर भरण्याची सोय केली जाते, खासगी टँकर बोलावले जातात, आणि जवळ विहीर किंवा तलाव असेल तर पंपाने पाणी उपसले जाते. येथे निसर्गाची एक मर्यादा आडवी येते. पंप पाणी ओढून घेतो म्हणजे प्रत्यक्षात हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि त्यामुळे व्यवहारात सुमारे सात मीटरपेक्षा खोलवरचे पाणी जमिनीवर ठेवलेल्या पंपाने उचलता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत विहिरींची पातळी त्याखाली जाते आणि आगीही त्याच महिन्यांत वाढतात.

ज्या सोसायटीच्या, कारखान्याच्या किंवा मंगल कार्यालयाच्या आवारात भूमिगत टाकी आहे, त्यांनी तिचे झाकण बंबापर्यंतच्या वाटेवर मोकळे ठेवावे आणि ती कोठे आहे हे केंद्राला आधीच कळवून ठेवावे. याला एक पैसा लागत नाही, तरी हे कळवणारे फार थोडे निघतात.

५. बंब येईपर्यंत आम्ही काय करायचे?

आधी माणसे बाहेर काढावीत, मग वर्दी द्यावी, आणि त्यानंतरच आग विझवण्याचा विचार करावा. आग लहान असेल, पाठीमागे बाहेर पडायची वाट मोकळी असेल आणि हाती योग्य साधन असेल, तरच तो प्रयत्न करावा. या तिन्हींपैकी एक गोष्ट नसेल तर बाहेर पडावे.

बाहेर पडताना खोलीचे दार ओढून घ्यावे. कुलूप मात्र लावू नये. बंद दार आगीला मिळणारी हवा रोखते आणि जिन्यात धूर शिरायला वेळ लावते. घरातल्या आगीत ज्वाळांपेक्षा धुराने अधिक बळी जातात. जळणाऱ्या फोम, प्लास्टिक आणि कृत्रिम धाग्यांपासून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू असतात आणि काही श्वासांतच माणसाची शुद्ध हरपू शकते. तापलेला धूर वर चढतो, म्हणून धुरातून जावे लागले तर वाकून किंवा रांगत, भिंतीला हात लावत जावे. लिफ्ट वापरू नये.

जिना धुराने भरला असेल आणि उतरणे शक्य नसेल, तर रस्त्याच्या बाजूच्या खोलीत जाऊन दार लावावे, दाराखालची फट ओल्या कपड्याने बुजवावी आणि खिडकीतून रंगीत कापड हलवून आपण कोठे आहोत ते दाखवावे. फोनवरून मजला आणि खोलीची दिशा सांगावी. एकदा बाहेर पडलेल्या माणसाने दागिने, कागदपत्रे किंवा मोबाइल आणण्यासाठी पुन्हा आत जाऊ नये. घरातले कोणी आत राहिले असेल तर बंबावरच्या अधिकाऱ्याला ते शेवटचे कोठे दिसले होते हे सांगावे. जवानांकडे श्वसनसंच असतो आणि त्या एका वाक्याने त्यांचा शोध निम्मा होतो.

६. कढईतले तेल पेटले तर पाणी का टाकायचे नाही?

पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी जाते, तापलेल्या तेलात क्षणात वाफ होऊन सुमारे सतराशे पटींनी फुगते आणि पेटलेले तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करावा, मोठे झाकण किंवा परात कढईवर बाजूने सरकवावी आणि ती थंड होईपर्यंत उघडू नये. कढई उचलून मोरीकडे नेण्याचा मोह टाळावा. गंभीर भाजण्याच्या घटना त्या चार पावलांत घडतात.

७. सिलिंडरमधून गॅस गळत असेल किंवा सिलिंडर पेटला असेल तर?

या दोन वेगळ्या परिस्थिती आहेत. वास येतो पण ज्वाळा नाही, अशा वेळी विजेचे कोणतेही बटण दाबू नये, चालू असलेला दिवाही बंद करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर बंद करून काढावा, सिलिंडरला सुरक्षा टोपी लावावी, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सर्वांनी बाहेर पडावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे वरच्या झरोक्यापेक्षा उघडे दार अधिक उपयोगी पडते. गॅसगळतीसाठी १९०६ हा देशभरचा आपत्कालीन क्रमांक चोवीस तास चालू असतो.

नळी किंवा रेग्युलेटरपाशी ज्वाळा असेल, तर जाड सुती कापड किंवा गोणपाट ओले करून ज्वाळेवर टाकावे आणि लगेच गॅस बंद करावा. दल प्रात्यक्षिकात हेच करून दाखवते. ज्वाळा मोठी असेल आणि गॅस बंद करणे शक्य नसेल, तर ती विझवण्याच्या नादी लागू नये. विझलेल्या ज्वाळेमागून गॅस वाहतच राहिला तर तो खोलीत साचतो आणि पुढची ठिणगी स्फोट घडवते. सिलिंडरच स्वतः आगीत तापत असेल, तर अंतर राखणे एवढेच नागरिकाच्या हातात आहे.

८. अंगावरचे कपडे पेटले, किंवा कोणी भाजले, तर पहिला उपचार कोणता?

धावू नये, जमिनीवर पडून लोळावे, किंवा जाड सुती चादर अथवा घोंगडी गुंडाळावी. भाजलेल्या भागावर नळाचे साधे, वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ सूज येण्याआधी काढावे, पण कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप किंवा बर्फ लावू नये. डॉक्टरांना तो लेप आधी खरवडावा लागतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

९. आगीशिवाय दल कोणती कामे करते?

वर्षभराचे वर्दीपुस्तक चाळले तर आगीबरोबरच इतर नोंदीही पानोपानी दिसतात: विहिरीत पडलेला माणूस किंवा गाय, पावसाळ्यात रस्त्यावर आडवे झालेले झाड, अडकलेली लिफ्ट, आतून कडी लागून कोंडलेले लहान मूल, अपघातग्रस्त वाहनात अडकलेला चालक, रस्त्यावर सांडलेले डिझेल धुऊन काढणे, नदीतील शोधकार्य. संक्रांतीच्या सुमारास मांजात अडकलेले पक्षी सोडवण्याच्या वर्द्या येतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी या वर्द्या थांबलेल्या नाहीत.

लिफ्टबद्दल एक सूचना येथेच द्यावी लागेल. दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेल्या लिफ्टमधून शेजाऱ्यांच्या मदतीने उडी मारून बाहेर येऊ नये. लिफ्ट अचानक हलू शकते किंवा माणूस खालच्या मोकळ्या खड्ड्यात जाऊ शकतो. आत हवा येत असते, म्हणून गुदमरण्याची भीती बाळगू नये.

१०. साप, आग्या मोहोळ किंवा विहिरीतला बिबट्या यांसाठीही दलालाच बोलवायचे का?

वन्यप्राणी हा वन विभागाचा विषय आहे. साप आणि बिबट्या यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण असल्याने त्यांना मारता येत नाही. वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आहे. अनेक शहरांत दलाकडे सर्पमित्रांचे क्रमांक असतात आणि केंद्र तो निरोप पुढे देते. विहिरीतल्या बिबट्यासाठी दल दोर, शिडी किंवा प्रकाशझोत पुरवते, पण निर्णय वनाधिकाऱ्यांचा असतो. आग्या मोहोळ दिवसा हलवणे धोक्याचे आहे, आणि खाली मशाल धरून ते उठवणे तर अधिकच, कारण चवताळलेल्या माश्या ज्यांचा काही संबंध नाही अशा वाटसरूंवर जातात.

११. पूर आला किंवा इमारत कोसळली तर एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) येते. मग स्थानिक दलाचा उपयोग काय?

एनडीआरएफची महाराष्ट्रासाठीची पाचवी बटालियन पुणे जिल्ह्यात तळेगावजवळ सुदुंबरे येथे आहे. तेथून पथक निघून घाट उतरेपर्यंत जे तास जातात, ते स्थानिक दलाचे आणि शेजाऱ्यांचे असतात. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये तारीक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जणांचा मृत्यू झाला. चार वर्षांचा एक मुलगा दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. अशा ठिकाणी अवजड यंत्रे आणि शोधपथके बाहेरून यावी लागतात. पण वीज आणि गॅस तोडणे, गर्दी मागे हटवणे, कोणत्या घरात किती माणसे होती याची यादी करणे आणि वरच्या थरातील जखमींना बाहेर काढणे ही कामे पथकाची वाट पाहू शकत नाहीत.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा कोकणातील प्रत्येक नगरपरिषदेला एक गोष्ट लख्ख दिसली: रस्ते बुडाले की बाहेरची मदतही पाण्यातूनच यावी लागते. शहरात आधीपासून असलेल्या होड्या, लाइफ जॅकेट आणि पोहणारे तरुण यांचीच पहिल्या रात्री मोजदाद होते. नदीकाठच्या शहरांत दलाने अशा तरुणांची यादी मे महिन्यातच तयार ठेवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१२. बंब बोलावला तर पैसे द्यावे लागतात का?

शहराच्या हद्दीत आग विझवणे आणि जीव वाचवणे यांसाठी नागरिकाने पैशांचा विचार करून फोन लांबवू नये. शुल्काचा प्रश्न येतो तो इतर कामांत: हद्दीबाहेरची वर्दी, खासगी कार्यक्रमासाठी बंदोबस्ताला उभा केलेला बंब, तळघरातले पाणी उपसणे. त्यांचे दर परिषद ठरवते आणि ते केंद्रात विचारता येतात. रस्त्यावर जवानाच्या हाती रोख देण्याची गरज कधीच नसते. शुल्क असेल तर त्याची परिषदेची पावती मिळायला हवी.

१३. आमचे गाव शहराबाहेर आहे. उसाला किंवा कडब्याच्या गंजीला आग लागली तर बंब येईल का?

बहुतेक वेळा येतो, पण शहरात दुसरी गाडी शिल्लक आहे का हे पाहून. तालुक्यात दुसरी यंत्रणा नसल्याने नगरपरिषदेच्या बंबावर तीस-चाळीस गावांची भिस्त असते, आणि त्याचा खर्च मात्र शहराच्या करदात्यांवर पडतो. हा जुना पेच आहे. उभा ऊस वाऱ्यावर पेटला तर बंब पोहोचेपर्यंत फड गेलेला असतो. तेथे लोंबकळत्या वीजतारा वेळेवर ओढून घेणे आणि फडांमध्ये मोकळा पट्टा ठेवणे अधिक कामाचे ठरते. तारांबाबत महावितरणला १९१२ वर कळवावे. शेतापर्यंतची वाट बंबाच्या वजनाची आहे का, हे वर्दी देतानाच सांगावे, नाहीतर गाडी चिखलात रुतते आणि शहरही उघडे पडते.

१४. आग विझली म्हणून बंब गेला आणि रात्री ती पुन्हा पेटली. असे का होते?

कापसाच्या गाठी, कडबा, भंगार आणि कचरा डेपो यांत आग वरून विझते आणि आतून धुमसत राहते. दाबून बांधलेल्या गाठीत पाणी शिरत नाही. ती फोडून, पसरून भिजवावी लागते, आणि जिनिंगमधल्या (सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यातल्या) मोठ्या आगीत हे कूलिंगचे काम दिवसचे दिवस चालते. कचरा डेपोत कुजण्यातून मिथेन तयार होत असल्याने उन्हाळ्यात तो पुन्हा पुन्हा पेट घेतो. तेथे पाण्यापेक्षा जेसीबीने ढीग उलटणे आणि मातीचा थर टाकणे उपयोगी पडते. मालकाने आगीनंतर किमान एक रात्र पहारा ठेवावा आणि धूर दिसताच फोन करावा. दुसऱ्यांदा बोलावण्याचा संकोच करणारे लोक आहेत. त्यांनी तो सोडावा.

१५. विम्यासाठी दलाचा दाखला कसा मिळतो? त्यात आगीचे कारण लिहिलेले असते का?

अर्ज केल्यावर वर्दीची वेळ, ठिकाण, हजर झालेली वाहने आणि दिसलेले नुकसान यांची नोंद असलेला अहवाल मिळतो. कारणाच्या रकान्यात बहुतेकदा ‘संभाव्य’ किंवा ‘अद्याप अज्ञात’ असे लिहिलेले असते. ते टाळाटाळ म्हणून नव्हे. नेमके कारण सांगायला विद्युत निरीक्षक किंवा न्यायवैद्यक तपासणी लागू शकते. नुकसानीचा रुपयांतला आकडाही दल ठरवत नाही, तो विमा कंपनीचा सर्वेक्षक ठरवतो. घातपाताचा संशय असेल किंवा जीवितहानी झाली असेल तर पोलिसांकडे स्वतंत्र नोंद आवश्यक आहे. सरकारी मदतीसाठी तलाठ्याचा पंचनामा लागतो. आग ही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांतील आपत्ती आहे. पंचनामा होईपर्यंत जळालेले सामान हलवू नये आणि छायाचित्रे काढून ठेवावीत.

१६. जवानांनी शेजारचे दार तोडले आणि पाण्याने आमचे सामान खराब झाले. भरपाई कोण देणार?

आगीच्या वेळी दलाला जागेत प्रवेश करण्याचे, गरज पडल्यास दार फोडण्याचे, रस्ता बंद करण्याचे आणि अडथळा करणाऱ्यांना हटवण्याचे अधिकार कायद्याने आहेत, आणि सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण आहे. भरपाई म्हणून परिषदेकडे पैसे मागता येतील ही अपेक्षा त्यामुळे फारशी खरी ठरत नाही. अग्निविमा असेल तर आग विझवताना पाण्याने झालेले नुकसान सर्वसाधारणपणे आगीच्याच नुकसानीत धरले जाते. दाव्यात त्याचा वेगळा उल्लेख करावा. अहवालाबाबत प्रश्न १५ पाहावा.

१७. आमच्या हॉटेलला/दवाखान्याला ना हरकत दाखला आहे. तरी नोटीस का आली?

दाखला मिळाला की काम संपले, हा समज या प्रश्नाच्या मुळाशी आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा बसवणे आणि ती सदैव चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत तसे प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेतला ‘फॉर्म बी’, सादर करावा लागतो. तो न दिल्यास, किंवा तपासणीत पंप बंद, मार्ग अडवलेले, साधने मुदतबाह्य असे आढळल्यास नोटीस निघते. धोका गंभीर असेल तर वीज-पाणी तोडण्यापर्यंत आणि जागा सील करण्यापर्यंत अधिकार आहेत.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षातील आगीत १० बालके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण गेले. स्वतः चालू न शकणारा रुग्ण आणि प्राणवायूने भारलेली खोली एकत्र येतात, तेव्हा बंब किती लवकर आला यापेक्षा त्या खोलीत रात्री कोण जागे होते आणि दुसरे दार उघडत होते का, हे निर्णायक ठरते. दवाखान्यांकडे अधिक कडकपणे पाहिले जाते त्याचे कारण हे आहे. फॉर्म बी केवळ कागद म्हणून विकत घेणारे आणि तसा तो विकणारे, दोघेही या शहरांत सापडतात, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

नव्या दाखल्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो आणि ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित असल्याने उशीर झाल्यास अपील करता येते.

१८. आमची इमारत जुनी, चार मजल्यांची आणि अरुंद गल्लीत आहे. आम्हाला काय करता येईल?

गच्चीच्या दाराचे कुलूप काढा किंवा किल्ली काचेच्या पेटीत तेथेच लटकवा. जिन्याखालचा मीटरचा बोर्ड, त्यापुढे लावलेल्या दुचाकी आणि रद्दी हे त्रिकूट मोडा, कारण खाली पेटलेल्या दुचाकींचा धूर जिन्याच्या धुराड्यातून वर चढतो आणि एकमेव वाट बंद होते. खिडक्यांच्या लोखंडी जाळ्यांत एक झडप आतून उघडणारी असावी. प्रत्येक मजल्यावर एबीसी पावडरचे (घन, द्रव आणि वायू अशा तिन्ही प्रकारच्या आगींवर चालणारे) अग्निशामक ठेवा, दर महिन्याला काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहा. बंब गल्लीत शिरत नसेल तर जवान होज जोडत आत येतात. तेवढी वाट मोकळी राहिली तरी काम होते.

१९. गणेशोत्सवाच्या मंडपासाठी दलाची परवानगी कशाला? चार दिवसांचे तर काम.

कापड, थर्माकोल, तात्पुरती वायरिंग, समई आणि गर्दी हे सगळे एका छताखाली येते म्हणून. मंडपाच्या बाजूने बंब जाईल एवढा रस्ता, दोन वेगळे दरवाजे, वाळूच्या बादल्या, अग्निशामके आणि रात्री राखणीला जागा माणूस एवढे पाहिले जाते. विसर्जनाच्या दिवशी घाटावर दलाचे जवान दोर आणि लाइफबॉय (पाण्यावर तरंगणारी जीवरक्षक कडी) घेऊन उभे असतात; त्या दिवशी शहरात आग लागली तर मनुष्यबळ किती उरते याचा विचार मंडळांनी करावा आणि घाटावर आपले पोहणारे कार्यकर्ते द्यावेत.

२०. खोटी वर्दी दिली किंवा बंबाला वाट दिली नाही तर शिक्षा होते का?

होते. जाणूनबुजून खोटी माहिती देणे गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ई नुसार अग्निशमन वाहनाला किंवा रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र धूर पाहून प्रामाणिकपणे केलेला फोन शेकोटीचा निघाला तर तो गुन्हा नव्हे. शंका असेल तर फोन करावाच.

२१. मुलाला किंवा मुलीला दलात जायचे असेल तर?

अग्निशामक पदासाठी सामान्यतः दहावी उत्तीर्ण, ठरलेली शारीरिक पात्रता आणि सहा महिन्यांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम लागतो. राज्याचे प्रशिक्षण केंद्र मुंबईत सांताक्रूझ-कलिना येथे आहे. अधिकारी व्हायचे असेल तर नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय देशात अग्रगण्य आहे. मुलींना प्रवेश नसतो हा समज जुना झाला. त्याच महाविद्यालयातून नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर देशातील पहिल्या महिला अग्निशमन अभियंता म्हणून बाहेर पडल्या.

२२. १४ एप्रिलला केंद्रात कार्यक्रम कशाचा असतो?

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या दारूगोळा आणि कापसाच्या गाठी भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवणारे ६६ अग्निशामक कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून आणि २० एप्रिलपर्यंतचा आठवडा अग्निशमन सप्ताह म्हणून पाळला जातो. त्याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती असते, त्यामुळे छोट्या शहरातले जवान सकाळी मानवंदना देतात आणि संध्याकाळी मिरवणुकीच्या मार्गावर बंबासह उभे राहतात. शाळा आणि सोसायट्यांना प्रात्यक्षिक हवे असल्यास या आठवड्यात मागणी फार असते. जून-जुलैमध्ये अर्ज केल्यास निवांत वेळ मिळतो.

२३. छतावर सौर पॅनेल किंवा दारात विजेवर चालणारी दुचाकी असेल तर वर्दी देताना सांगायला हवे का?

अवश्य सांगावे. घराचा मुख्य स्विच बंद केला तरी उजेड असेपर्यंत पॅनेल वीज तयार करत राहतात आणि पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारा जिवंत असतात. पाण्याची धार कोठे आणि किती अंतरावरून मारायची हे जवानांना त्यावरून ठरवावे लागते. डीसी स्विच (पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा) कोठे आहे याची चिठ्ठी मीटरजवळ लावून ठेवावी.

लिथियम बॅटरीची आग विझल्यासारखी दिसून तासांनी पुन्हा भडकते, कारण आतील एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवत जाते. तिला थंड करायला भरपूर पाणी लागते, आणि पाण्याचे गणित प्रश्न ४ मध्ये आलेच आहे. विझलेली दुचाकी घरात किंवा पार्किंगमध्ये परत आणू नये. इतर वाहनांपासून दूर, उघड्या जागेत किमान एक दिवस ठेवावी. रात्री झोपण्याच्या खोलीत किंवा बाहेर पडण्याच्या एकमेव दारापाशी बॅटरी चार्जिंगला लावू नये.